साठ फटक्यांची वही: मडगावच्या एका गोल्फपटूचे ॲप्रोच शॉट

पार्श्वभूमी

हे प्रकरण ज्यांचं आहे त्यांना इथे भाई म्हणतो. ओळख पटेल असे काही तपशील त्यांच्या संमतीने बदलले आहेत. आकडे मात्र त्यांच्या वहीतले जसेच्या तसे आहेत.

भाई मूळचे डिचोली तालुक्यातले. लोहखनिजाच्या खाणीवर सर्व्हेअर होते. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, हातात अचानक वेळ आला आणि एका मित्राने त्यांना दक्षिण गोव्यातल्या एका हॉटेलच्या नऊ होलांच्या कोर्सवर नेलं. तेव्हापासून खेळतात. आता साठी ओलांडली आहे, मडगावात राहतात, आठवड्यातून दोनदा सकाळी नऊ होल खेळतात. माझ्याकडे आले तेव्हा नऊ होलांना सरासरी ५३ फटके लागत होते.

मी पूर्वी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायचो, आता गोल्फ शिकवतो. हे सविस्तर लिहितोय, कारण वर्षभरात आम्ही जे निर्णय घेतले त्यातले दोन बरोबर ठरले, एक माझ्यामुळे चुकला आणि एक बरोबर असूनही वेळेआधी घेतला गेला. नवे आयर्न, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याचे, आकड्यांनी ओळखले जाणारे क्लब, घ्यायच्या विचारात असलेल्या कुणालाही त्यातलं काही ना काही उपयोगी पडेल.

भाईंचा जुना सेट पोर्तुगालहून सुट्टीवर येणाऱ्या एका परिचिताने दिलेला होता. फोर्ज्ड ब्लेड, म्हणजे ठोकून घडवलेले, पातळ डोक्याचे जुन्या धाटणीचे आयर्न, आणि शाफ्ट, म्हणजे दांडे, स्टिफ, ताठ स्टीलचे. देणारा माणूस सहा फुटांच्या वर, भाई पाच फूट चार इंच. बारा वर्षं हा सेट त्यांनी जिवापाड जपला. प्रत्येक फेरीनंतर खोबरेल तेलाचं बोट फिरवून ठेवायचे, म्हणून गोव्याच्या खाऱ्या हवेतही त्यावर गंज नव्हता.

अडचण

फेब्रुवारीत ते आले आणि म्हणाले, "सर, ड्राइव्ह ठीक आहे, पटिंगही चालून जातं. पण फेअरवेवरून ग्रीनवर चेंडू म्हणून येत नाही. आयर्न बदलतो. सेट पाहून ठेवलाय."

ड्राइव्ह म्हणजे होलचा पहिला लांब फटका, फेअरवे म्हणजे त्यापुढचा कापलेल्या गवताचा पट्टा, ग्रीन म्हणजे झेंड्याभोवतीची बारीक गवताची जागा, आणि तिथे चेंडू ढकलायचा ते पटिंग. पाहून ठेवलेला सेट लाखाच्या वरचा होता. निवृत्त माणसाने तो घेऊ नये असं नाही. त्यांची ऐपत होती. पण "ग्रीनवर येत नाही" म्हणजे नेमकं कुठे जातो, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "कुठेही जातो."

शिकायला येणारे बहुतेक जण हेच सांगतात, आणि ते खरं असलेलं मी अजून पाहिलेलं नाही. चुकणाऱ्या चेंडूंना खोड असते. ती सापडेपर्यंत सामानाला हात लावू नये, असं मी त्यांना सांगितलं. सर्व्हेअरला हे पटवायला वेळ लागला नाही.

ग्रीनकडे मारायच्या या फटक्याला ॲप्रोच शॉट म्हणतात. त्यावर एवढं लक्ष का द्यायचं, तेही सांगतो. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेतल्या लाखो फटक्यांच्या नोंदी तपासल्या. सर्वोत्तम खेळाडू इतरांच्या पुढे कुठे जातात याचा हिशेब त्यांनी मांडला, तेव्हा सर्वांत मोठा वाटा, सुमारे ४० टक्के, ॲप्रोच शॉटचा निघाला. पटिंगचा वाटा १५ टक्क्यांच्या आसपास होता. हे आकडे व्यावसायिकांचे आहेत. तरी आमच्यासारख्यांच्या खेळातही ग्रीनपर्यंतचा फटका चुकला की त्याची भरपाई पटरने क्वचितच होते, हे माझ्या रोजच्या पाहण्यातलं आहे.

पहिला निर्णय: आधी मोजायचं

फेब्रुवारी आणि मार्चमध्ये आठ फेऱ्या झाल्या. ६० ते १६० यार्डांवरून ग्रीनकडे मारलेला प्रत्येक फटका भाईंनी खिशातल्या वहीत लिहिला: अंतर, क्लब, फटका स्वच्छ लागला की आधी जमिनीला लागला, आणि चेंडू कुठे थांबला. साठ फटके झाले तेव्हा वही घेऊन आम्ही त्यांच्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसलो.

ग्रीनवर ९. ग्रीनच्या अलीकडे ३४. डावीकडे ११. उजवीकडे ३. पलीकडे ३.

"कुठेही" जाणारा चेंडू निम्म्याहून जास्त वेळा एकाच जागी, म्हणजे अलीकडे पडत होता. त्या ३४ पैकी १९ फटक्यांपुढे भाईंनी "माती आधी" लिहिलं होतं. उरलेल्या १५ पुढे मात्र "स्वच्छ" होतं. फटका छान लागला आणि तरीही चेंडू पोचला नाही. याचा अर्थ क्लबच चुकीचा निवडला होता.

"७ आयर्न किती जातो?" मी विचारलं. आयर्नवरचा आकडा जितका मोठा, तितका चेंडू उंच आणि कमी लांब जातो.

"दीडशे."

रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, त्यांनी ७ आयर्नने तीस चेंडू मारले. चेंडू जिथे टेकतो तिथपर्यंतचं अंतर लेझरने मोजलं आणि चढत्या क्रमाने लिहून मधला आकडा काढला: १२८ यार्ड. दीडशेच्या जवळ एकच चेंडू गेला होता. भाई बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. खाणीवर कधी एकाच चांगल्या रीडिंगवर काम केलं नाही, गोल्फमध्ये मात्र बारा वर्षं तेच केलं, असं म्हणाले.

त्या दिवसापासून एकच बदल केला. दर वेळी मधला आकडा धरून क्लब घ्यायचा, आणि झेंडा कुठेही असला तरी ग्रीनच्या मध्यावर नेम धरायचा. दीडशे यार्डांवरून व्यावसायिकांचा चेंडूही सरासरी वीस फुटांहून दूर थांबतो, मग आपण झेंड्यावर नेम धरायची गरजच काय? मार्चअखेरच्या तीन फेऱ्यांत २४ पैकी ७ चेंडू ग्रीनवर आले. आधी साठात नऊ येत होते. एक पैसा खर्च झाला नव्हता, स्विंगला हातही लावला नव्हता.

याच टप्प्यावर हवेविषयीचा एक गैरसमजही दूर झाला. भाई म्हणायचे, गोव्याची हवा दमट, जड, म्हणून चेंडू कमी जातो. दमट हवा खरं तर किंचित हलकी असते, कारण पाण्याचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका असतो. गरम हवाही पातळ असते. चेंडू अडतो तो समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याने. सकाळी सातला शांत असलेलं होल अकरा वाजता पश्चिमेकडे खेळायचं झालं की एक क्लब जास्त लागतो. ताशी दहा मैलांच्या उलट वाऱ्याला साधारण दहा टक्के अंतर जास्त धरावं. पाठीमागून वारा असेल तर फायदा त्याच्या निम्माच मिळतो.

डावीकडचे चेंडू

डावीकडे गेलेले ११ चेंडू मला जास्त खुपत होते. अलीकडे पडलेल्यांतलेही बरेच डाव्या अंगाला होते. भाईंनी त्यावर स्वतःचा उपाय शोधला होता, तो म्हणजे उजवीकडे नेम धरून उभं राहायचं. त्यामुळे अधूनमधून एखादा चेंडू सरळ जायचा आणि उजव्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, पडायचा.

वहीत एक बारीक गोष्ट दिसली. ५ आयर्न फारसा डावीकडे जात नव्हता, ९ आयर्न आणि वेज, म्हणजे जवळच्या उंच फटक्यांचे क्लब, जास्त जात होते. दोष स्विंगचा असता तर सहसा उलट दिसलं असतं, कारण लांब क्लबमध्ये चूक वाढते. लाय, म्हणजे शाफ्ट आणि तळ यांच्यातला कोन, चुकीचा असेल तर त्याचा परिणाम लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा मागे झुकलेला कोन, जास्त असलेल्या क्लबवर जास्त दिसतो.

तपासायची रीत सोपी आहे. चेंडूवर व्हाइटबोर्डच्या मार्करने जाड रेघ काढायची, ती उभी राहील अशा बेताने आणि क्लबकडे तोंड करून चेंडू ठेवायचा आणि मारायचा. रेघेचा ठसा क्लबच्या तोंडावर उमटतो. तो खोबणींना काटकोनात असेल तर लाय बरोबर. भाईंच्या ९ आयर्नवर ठशाचं वरचं टोक टोच्या, म्हणजे क्लबच्या डोक्याच्या शाफ्टपासून दूरच्या टोकाच्या, बाजूला स्पष्ट कललेलं होतं. म्हणजे फटका बसताना क्लबचा टो हवेत उचललेला असायचा. क्लब त्यांच्यासाठी फार उभा होता, आणि उभा क्लब उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे पाठवतो. सहा फुटी माणसाचा सेट पाच फूट चार इंचाच्या माणसाच्या हातात, दुसरं काय होणार? बारा वर्षं ते स्वतःच्या स्विंगला दोष देत होते.

फटका तोंडावर कुठे बसतो तेही पाहिलं. त्यासाठी कॅरमची पावडर पुरते. तोंडावर पातळ फासायची, की चेंडू बसला तिथे गोल डाग उठतो. भाईंचे डाग टो पासून हील, म्हणजे शाफ्टकडच्या टोकापर्यंत विखुरलेले होते.

पर्याय

एप्रिलमध्ये चार पर्याय समोर होते.

लाखाच्या वरचा नवा सेट, मापून घेतलेला. याच्या विरोधात माझा मुद्दा एवढाच होता की १९ फटक्यांत माती आधी लागत होती, आणि ती कुठल्याही क्लबने लागली असती.

जुन्याच सेटचा लाय वाकवून घेणं. फोर्ज्ड स्टील वाकवायला सोपं, खर्चही किरकोळ. पण ब्लेडमध्ये वजन तोंडामागे एकवटलेलं असतं, त्यामुळे फटका मध्यभागाबाहेर बसला की अंतर चटकन घटतं. कार्स्टन सोल्हाइम या इंजिनियरने पिंगच्या आयर्नमध्ये वजन कडेला नेलं ते याच कारणासाठी. १९८२ साली आलेल्या पिंग आय टूने तर हौशी खेळाडूंच्या बॅगा बदलून टाकल्या. डाग टो पासून हीलपर्यंत फिरत असताना भाईंनी ब्लेडच वापरावेत, हे मला पटेना. शाफ्टही त्यांच्या आताच्या वेगाला फार ताठ होता.

क्लब तेच ठेवून सहा महिने फक्त स्विंगवर काम करणं.

आणि चौथा: दोन-तीन वर्षं वापरलेला कॅव्हिटी बॅक, म्हणजे मागून पोकळ आणि कडेला वजन असलेला सेट, रेग्युलर शाफ्टचा, नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत, त्याचा लाय वाकवून घ्यायचा आणि मग फटका आणि शॉर्ट गेम, म्हणजे ग्रीनजवळचे छोटे फटके, यांवर काम करायचं.

चौथा निवडला. मे महिन्यात सेट आला. दोन अंश सपाट करून घेण्यासाठी तो बंगळूरला पाठवला. गोव्यात आम्हाला ते करून देणारं कुणी सापडलं नाही.

मागे वळून पाहता तिसरा पर्याय आधी आणि चौथा नंतर, हा क्रम बरोबर झाला असता. त्याचं कारण पुढे येईलच.

माझी चूक: मधला रिकामा टप्पा

नवा ७ आयर्न १३८ यार्ड जाऊ लागला. भाई खूश. मीही खूश होतो, आणि तिथेच माझं लक्ष ढळलं.

जुन्या ७ आयर्नचा लॉफ्ट ३५ अंश होता, नव्याचा २९. म्हणजे नव्या क्लबवर ७ कोरलेलं असलं तरी लॉफ्टने तो जुन्या ५-६ आयर्नच्या घरातला होता. हल्लीच्या सेटमध्ये हे सर्रास असतं. कॅव्हिटी बॅकमध्ये वजन खाली असल्याने चेंडू तसाही उंच उठतो, म्हणून बनवणारे लॉफ्ट कमी करू शकतात, आणि गिऱ्हाईक आकडा पाहून भुलतं. पण सगळे आयर्न असे सरकले की पिचिंग वेजही सरकतो. भाईंचा जुना पिचिंग वेज ४८ अंशांचा होता, नवा ४४ चा. सँड वेज जुनाच, ५६ चा.

चव्वेचाळीस ते छप्पन, मध्ये बारा अंश मोकळे. यार्डांत सांगायचं तर पिचिंग वेज १०५ जायचा आणि सँड वेज ७२. मधल्या ३३ यार्डांसाठी बॅगेत काहीच नव्हतं. आणि कोर्स असा की दुसऱ्या, पाचव्या आणि आठव्या होलवर भाईंचा ड्राइव्ह त्यांना नेमका ८५ ते ९५ वर आणून सोडायचा.

जूनमध्ये पहिल्या पावसानंतर वहीत एकामागोमाग तेच दिसू लागलं: "९० यार्ड, पि. वे. हळू, माती आधी." "८८, सँ. वे. जोरात, डावीकडे." सेट निवडताना मी ७ आयर्नचे आकडे ताडून पाहिले आणि शेवटच्या तीन क्लबांकडे पाहिलंच नाही. शिकवणाऱ्याने हे आधी पाहायला हवं होतं. ऑक्टोबरात ५० अंशांचा वेज घेतला, तो ८८ जातो. नियमाप्रमाणे बॅगेत १४ च क्लब चालतात. भाईंचे चौदा भरलेले होते, म्हणून ३ वूड हा लांब पल्ल्याचा क्लब काढून टाकला. त्याची आठवण त्यांना एकदाही आल्याचं मला दिसलं नाही.

पावसाळा: बाल्कांव आणि पायपुसणं

जून ते सप्टेंबर आमच्याकडे कोर्सचा भरवसा नसतो. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा प्रदेश, त्यातला बहुतेक या चार महिन्यांतला. चेंडू पडतो तिथेच रुततो. हे चार महिने शॉर्ट गेमला द्यायचे, असं ठरवलं.

भाईंची चिप, म्हणजे ग्रीनच्या कडेवरून छोटा फटका, मारायची तऱ्हा एकच होती: कुठूनही ५६ अंशांचा वेज, चेंडू उजव्या पायाच्या अंगठ्यासमोर, हात खूप पुढे. कुणीतरी कधीतरी "हात पुढे ठेव" म्हणून सांगितलेलं, ते त्यांनी आयुष्यभर पाळलं. सँड वेजच्या तळाला फुगवटा असतो, त्याला बाउन्स म्हणतात. त्यामुळे क्लब जमिनीत न घुसता घसरत पुढे जातो. हात फार पुढे नेले की तो फुगवटा वर उचलला जातो आणि पुढची धारदार कड आधी जमिनीला भिडते. ओल्या मातीत ती कुदळीसारखी घुसायची. मग तिच्या भीतीने पुढचा फटका चेंडूच्या डोक्यावर बसायचा आणि चेंडू ग्रीनपार.

आमच्याकडच्या गवताचाही यात हात आहे. उष्ण प्रदेशातल्या कोर्सवर बर्म्युडा म्हणून जे गवत लावतात ते आपल्या हरळीच्या कुळातलं. गणपतीला वाहतो ती दूर्वा म्हणजे मूळचं बर्म्युडाच. उपटायला गेलं की ती जमिनीला कशी धरून बसते हे चतुर्थीला दूर्वा खुडणाऱ्या कुणालाही माहीत असतं. तिची पाती एका दिशेला निजतात. पात्यांच्या विरुद्ध चिप मारायची असेल तर क्लबची कड हमखास अडकते. गवत चकचकीत दिसलं तर पाती आपल्यापासून दूर निजलेली, काळपट दिसलं तर आपल्याकडे. भाईंना आधी हे बघायला शिकवलं. मग हात जवळजवळ मध्यावर आणले आणि चेंडूही पायांच्या मध्यावर आणला.

सराव घरीच व्हायचा. बाल्कांवात काथ्याचं पायपुसणं, त्यावर फोमचा चेंडू, चार पावलांवर घडी घातलेला पंचा. चेंडू पंच्यावर टेकला पाहिजे. काथ्या हरळीसारखाच क्लब धरतो. कड आधी लागली की पायपुसणं पुढे सरकायचं आणि लादीवर खर्र असा आवाज व्हायचा. वहिनी आतून म्हणायच्या, "सरकलं!" सप्टेंबरपर्यंत ते सरकायचं जवळपास थांबलं होतं.

दुसरी गोष्ट क्लबच्या निवडीची. ग्रीनच्या कडेवरून चेंडू उंच उडवण्यापेक्षा थोडा उडवून जास्त धावू देणं सोपं असतं. त्यासाठी बारा आकड्याची एक जुनी रीत आहे: बारातून क्लबचा आकडा वजा करायचा, की एक भाग हवेत असेल तर किती भाग धावेल ते मिळतं. ८ आयर्नला एकास चार, ९ ला एकास तीन, पिचिंग वेज दहा धरला तर एकास दोन. ऑक्टोबरात कोर्स उघडल्यावर भाईंनी हे पावलांनी मोजून पाहिलं. आमच्या ग्रीन संथ असल्याने ९ आयर्न एकास दोनच धावत होता, ८ एकास तीनच्या जरा खाली. मग त्यांनी रीत बाजूला ठेवली आणि स्वतःचं कोष्टक करून वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवलं. नव्या सेटमध्ये लॉफ्ट सरकलेले असल्याने हे करणं भागही होतं. पुस्तकी प्रमाण जुन्या लॉफ्टवर बेतलेलं आहे.

चिप किती जवळ जायला हवी, यावर आमच्यात थोडी चर्चा झाली. आठ फुटांवरून व्यावसायिकसुद्धा निम्मेच पट टाकतात. तेव्हा "आठ फुटांत आणली" यावर समाधान मानू नये, असं भाईंचं मत पडलं. त्यांनी पाच फुटांचं वर्तुळ ठरवलं.

बाणावलीची ओली वाळू

उरली ती माती आधी लागण्याची खोड. तिच्यासाठी नोव्हेंबरात आम्ही बाणावलीच्या किनाऱ्यावर गेलो.

स्पॅनिश गोल्फपटू सेव्हे बायेस्तेरोस पाच मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या, स्पर्धा जिंकला. उत्तर स्पेनमधल्या पेद्रेन्याच्या किनाऱ्यावर लहानपणी जुन्या ३ आयर्नने तो खेळ शिकला. किनारा त्याच्याकडे होता तसा आपल्याकडेही आहे, हे माझ्या डोक्यात बरीच वर्षं होतं. मात्र आम्ही चेंडू एकदाही मारला नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर पहाटेही माणसं असतात आणि गोल्फचा चेंडू डोळा फोडू शकतो. नुसता स्विंग, तोही जुन्या सेटमधल्या ७ आयर्नने, कारण वाळू क्लबचं तोंड घासून टाकते.

सकाळचे साडेसहा, ओहोटी, पाणी नुकतंच हटलेलं. लांबवर रापणीचं जाळं ओढणारी माणसं दोरावर वाकलेली. भाईंनी काठीने वाळूत एक सरळ रेघ ओढली. चेंडू जिथे असायचा तिथे ती रेघ. तिच्याशी काटकोनात उभं राहून त्यांनी स्विंग केला. ओल्या वाळूत क्लबचा तळ गेला की उथळ, होडीच्या आकाराचा ओरखडा उठतो आणि त्याची सुरुवात अगदी कोरल्यासारखी दिसते. ती रेघेवर किंवा रेघेच्या पुढे हवी.

पहिला ओरखडा रेघेच्या चार बोटं मागे सुरू झाला. दुसरा तसाच. भाई दर वेळी थोडं पुढे सरकून रेघ लांबवत गेले. वीस स्विंग झाल्यावर त्यांनी खिशातून स्टीलचा टेप काढला. सोळा ओरखडे मागे, सरासरी सात सेंटिमीटर.

मग मी त्यांना पायांचे ठसे दाखवले. उजव्या पायाचा ठसा टाचेपासून चवड्यापर्यंत खोल, त्यात पाणी साचलेलं. डाव्या पायाचा जेमतेम उमटलेला. स्विंग संपल्यावरही सगळं वजन मागच्या पायावर राहत होतं. चेंडू खालून उचलायचा त्यांचा प्रयत्न असायचा, कारण जुने ब्लेड चेंडू उंच नेत नव्हते. मागच्या पायावर रेलून ते त्याला हात देत होते. चेंडू वर न्यायचं काम लॉफ्टचं आहे हे त्यांनी शंभरदा ऐकलेलं होतं. त्या सकाळी स्वतःच्या पायाच्या ठशात साचलेलं पाणी पाहून ते उकिडवे बसले आणि बराच वेळ दोन्ही ठसे न्याहाळत राहिले.

सांगण्यासारखं फार नव्हतं. सुरुवातीलाच थोडं जास्त वजन डाव्या पायावर, आणि स्विंग संपताना उजवी टाच उचललेली, बेल्टचं बक्कल लक्ष्याकडे. सहा आठवडे, आठवड्यातून तीन सकाळी, दर वेळी चाळीस स्विंग. जानेवारीच्या मध्यावर वीसपैकी तेरा ओरखडे रेघेवर किंवा पुढे होते.

निष्पत्ती

पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा साठ फटके लिहिले. ग्रीनवर २३. अलीकडे १७. डावीकडे ६. उजवीकडे ८. पलीकडे ६.

ग्रीनच्या कडेवरून चिप आणि एका पटमध्ये होल संपवणं आदल्या वर्षी चाळीसमध्ये ५ वेळा जमलं होतं, या वर्षी चाळीसमध्ये १३ वेळा. नऊ होलांची सरासरी ५३ वरून ४७ वर आली.

उजवीकडचे ८ पाहून मी थबकलो. आधी तीनच होते. पुन्हा मार्करची रेघ, पुन्हा ठसा. आणि आता त्याचं टोक किंचित हीलच्या बाजूला कललेलं. वजन डाव्या पायावर जायला लागल्यापासून फटक्याच्या वेळी भाईंच्या हातांची उंची बदलली होती, आणि मे महिन्यात दोन अंश सपाट केलेला लाय आता एक अंश जास्त सपाट ठरत होता. आम्ही क्लब जुन्या स्विंगला मापून घेतला आणि नंतर स्विंगच बदलला. आधी किनारा आणि मग बंगळूर असं केलं असतं तर एकदाच वाकवावं लागलं असतं. हा सेट कास्ट, म्हणजे ओतीव स्टीलचा आहे, फोर्ज्डसारखा वारंवार वाकवता येत नाही, तुटण्याचा धोका असतो. एक अंश परत उभा करून घेतला. तिसऱ्यांदा पाठवणार नाही.

आणखी काय वेगळं करता आलं असतं

सेट घेण्याआधी दोन्ही सेटचे सगळे लॉफ्ट एका कागदावर शेजारी शेजारी लिहायला हवे होते. पाच मिनिटांचं काम होतं. आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाकडून ते आधी करून घेतो, आणि लॉफ्ट क्लबवर लिहिलेला नसेल तर बनवणाऱ्याच्या तक्त्यातून काढतो.

शॉर्ट गेमचं काम फेब्रुवारीतच सुरू करता आलं असतं. ग्रीनवर नऊच चेंडू येत होते, म्हणजे ५१ वेळा चिप किंवा पिच, म्हणजे त्याहून थोडा लांबचा उंच फटका, मारावी लागत होती, आणि मी वहीतल्या त्या अर्ध्या भागाकडे पावसाळा येईपर्यंत पाहिलं नाही. आयर्नच्या प्रश्नात आम्ही दोघे इतके गुंतलो होतो.

जुने ब्लेड भाईंनी विकले नाहीत. ७ आयर्न किनाऱ्यासाठी बाहेर असतो. बाकीच्यांना अजून तेल लागतं.

बंकर तसाच राहिला आहे. साठ फटक्यांच्या नोंदीत तो धरलेलाच नव्हता, पण वहीच्या समासात भाईंनी वेगळी खूण करून ठेवली आहे: आठ फेऱ्यांत अकरा वेळा बंकर, त्यातून पहिल्या फटक्यात बाहेर चार वेळा. कोर्सवरची वाळू बाणावलीसारखी ओली आणि घट्ट नसते, तेव्हा किनाऱ्यावरचा सराव तिथे जसाच्या तसा लागू पडणार नाही. भाईंनी भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी वाळू बघून ठेवली आहे आणि ऑक्टोबरातल्या ओहोटीच्या वेळा वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतल्या आहेत.